हमूद मास्तर गाडीचं कौतुक करतात

सात सीटची गाडी घ्यायची हे घरात ठरलं, तेव्हा हमूद मास्तर शेजारच्या खोलीत वाचत बसले होते. घरातल्या बहुतेक गोष्टी अशा शेजारच्या खोलीतच ठरत, आणि मास्तरांची त्याबद्दल तक्रार नसे. पण या वेळी मुलगा नाइफ दारात येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "बाबा, कोणती घ्यायची ते तुम्ही ठरवा."

मास्तरांनी आधी मागे वळून पाहिलं. मागे पुस्तकांचं कपाट होतं.

"मी?"

"तुम्हीच. मला वेळ नाही, आणि जवाहिर म्हणते मला अक्कलही नाही. तुम्ही वाचा, चार लोकांना विचारा आणि सांगा. हिवाळ्याच्या सुट्टीत गल्ली वाळूत जाईल तेव्हा आपली स्वतःची गाडी हवी. दर वर्षी आपण लोकांच्या गाड्यांत वाटून बसतो. बरं दिसतं का ते?"

ते बरं दिसत नव्हतं हे खरंच. उनैझा गावाबाहेर वाळू सुरू होते ती संपतच नाही, आणि थंडी पडली की सगळी गल्ली तंबू, पातेली, पोरंबाळं घेऊन दोन दिवस तिकडे जाऊन राहते. मास्तरांकडे होती ती जुनी लहान गाडी. ती डांबर संपलं की थांबायची. त्यामुळे सूनबाई जवाहिर एका गाडीत, नातवंडं दुसरीत, आणि मास्तर बहुधा ज्या गाडीत पातेली असत त्या गाडीत. पातेल्यांना काही बोलावं लागत नाही म्हणून मास्तरांना ते सोयीचं वाटे. पण नाइफने "तुम्ही ठरवा" म्हटलं आणि त्यांनी हातातलं पुस्तक मिटलं. जन्मभर शाळेत अरबी व्याकरण शिकवल्यावर घरात पहिल्यांदाच कोणीतरी त्यांचं मत मागितलं होतं, आणि तेही व्याकरण सोडून दुसऱ्या विषयावर. हे मत चुकलं तर पुन्हा कोणी मागणार नाही, हेही त्यांना तेवढ्यातच कळलं.

त्यांनी वाचायला घेतलं. जमिनीपासूनची उंची, चारही चाकांची ओढ, उतारावर आपोआप लागणारा ब्रेक, सगळं वाचलं. वाचता वाचता त्यांच्या लक्षात एक गोष्ट आली. गाड्यांवर लिहिणारे सगळे लोक पुढे बसून लिहीत होते. सगळ्यात मागच्या, तिसऱ्या रांगेत बसून कोणी एक ओळसुद्धा लिहिली नव्हती. सातव्या माणसाचं म्हणणं काय आहे, हे जगात कोणालाच ठाऊक नव्हतं. मास्तरांना हा मोठा शोध वाटला. गल्लीतल्या मोठ्या गाड्यांच्या मागच्या सीटवर स्वतः बसून बघायचं, असं त्यांनी ठरवलं.

पहिला नंबर अबू फलाहचा. अबू फलाह म्हणजे फलाहचे वडील. आमच्याकडे माणूस बाप झाला की त्याचं नाव मुलाच्या ताब्यात जातं. खजुराचा व्यापारी, पोट पुढे, गाडी नवीकोरी, पांढरी. मास्तर त्याच्या अंगणात गेले तेव्हा तो टायरला फडकं मारत होता.

"गाडी कशी आहे हो, अबू फलाह?"

अबू फलाहने फडकं टाकलं आणि चेहरा पाडला. "काही विचारू नका मास्तर. फसलो. पेट्रोल पिते, कंबर मोडते, एसी नुसता खोकतो. कोणी फुकट नेली तरी देईन."

आता हे असं बोलायची आमच्याकडे रीतच आहे. चांगल्या गाडीला, गोड मुलाला, दुभत्या उंटिणीला घरचा माणूस नावं ठेवतो, म्हणजे बाहेरच्याची दृष्ट लागत नाही. बाहेरच्याने काय करायचं, तर आधी "माशाल्ला" म्हणायचं आणि मग दोन शब्द कौतुकाचे बोलून विषय बदलायचा. मास्तरांना ही रीत ठाऊक नव्हती असं नाही. माणसं, मुलं, घरं यांच्या बाबतीत ते ती काटेकोर पाळत. पण त्या दिवशी ते माणसाच्या घरी आले नव्हते, एका विषयाकडे आले होते. आणि समोरच्याने विषयाबद्दल चुकीची माहिती दिली की मास्तरांना राहवत नसे.

ते तिसऱ्या रांगेत चढले. अंग आक्रसून बसले. आतूनच बोलायला लागले. "छे छे, अबू फलाह! तुम्ही अन्याय करताय गाडीवर. गुडघे हनुवटीला लागत नाहीत. वारा थेट इथवर येतो. एसी खोकतो कसला, हा तर डोंगरावरचा वारा आहे! एवढ्या किमतीत एवढी गाडी मी वाचलेली नाही. तुमच्या इतका भाग्यवान माणूस गल्लीत नाही."

अबू फलाह बाहेर वाट बघत होता. "माशाल्ला" येईल, आता येईल, आता तरी येईल. मास्तर खाली उतरले, कंबर सरळ केली, "मागची खिडकी तर अप्रतिम," म्हणाले आणि निघून गेले.

शुक्रवारी अबू फलाह सासुरवाडीच्या माणसांना घेऊन जेवायला निघाला आणि भर चौकात एसी बंद पडला. खिडक्याही उघडेनात. आतल्या लोकांची काय अवस्था झाली, ते त्याच्या सासूने पुढे ज्याला त्याला सांगितलं.

मास्तरांना याचा पत्ता नव्हता. ते अबू सत्तामकडे पोचले होते. अबू सत्ताम वाहतूक पोलिसांतून निवृत्त झालेला. त्याचा आवाज अजून चौकातच होता.

"ही गाडी? मास्तर, ही गाडी नव्हे, शिक्षा आहे," तो गरजला. "वाळू दिसली की बसते."

"वाळूत बसेल कशी? हिची ओढ बघा! असा गिअर हजारात एखादा. या गाडीला बुडवील अशी वाळू अजून तयार व्हायची आहे," मास्तर मागून, तिसऱ्या रांगेतून म्हणाले. आणि पुन्हा, विषयाच्या ओघात, तो एक शब्द राहून गेला.

रविवारी ती गाडी गावाबाहेरच्या पहिल्याच टेकाडावर आसापर्यंत रुतली. बायको, बहीण, भाताचं पातेलं, सगळं आत. काढायला ट्रॅक्टर आणावा लागला.

त्यानंतर मास्तरांच्या आयुष्यात सोन्याचे दिवस आले.

अबू फलाहने स्वतः येऊन त्यांना कॉफीला बोलावलं. दुसऱ्या दिवशी अबू सत्तामने. तिसऱ्या दिवशी पुन्हा अबू फलाहने. मास्तर बैठकीत इतकी वर्षं दाराजवळच्या उशीला टेकून बसत आणि कोणी विचारलंच तर "खरं आहे" म्हणत. आता त्यांना मधल्या जागी बसवू लागले. वेलदोड्याची पिवळसर कॉफी, साखरी खजूर, क्लेजाची बिस्किटं. आणि आग्रह तरी किती! फक्त एक गोष्ट मास्तरांना जरा चमत्कारिक वाटली. फिंजानात, म्हणजे त्या इवल्याशा कपात, घोटभर कॉफी उरली, की यजमान झडप घालून फिंजान उचलत.

"अहो, संपवू द्या की."

"नको नको, गार झाली असेल. दुसरी देतो." आणि पहिलं फिंजान पडद्याआड जाई. खजुराच्या बियासुद्धा त्यांच्या बशीत कोणी राहू देत नसे. एकदा तर अबू फलाहने त्यांच्या डोक्यावरची पांढरी टोपी मागून घेतली. म्हणाला, "नमुना हवा होता. अशीच शिवून घेतो." मास्तर घरी उघड्या डोक्याने आले, पण फुलून आले.

"मुझना," ते बायकोला म्हणाले, "माणसं वाईट नसतात गं. उशिरा ओळखतात, एवढंच. अबू सत्ताम आज माझ्या पायात वहाणा सरकवायला वाकला."

मुझना भाजी निवडत होती. गल्लीतल्या सगळ्या बायकांना जे ठाऊक होतं ते तिलाही ठाऊक होतं. नवऱ्याचा चेहरा इतका उजळलेला तिने कित्येक दिवसांत पाहिला नव्हता. "बरं झालं," ती म्हणाली आणि एक चांगला मुळा कचऱ्यात टाकला.

हे असंच चाललं असतं तर कोणाचं काही बिघडत नव्हतं. पण मास्तर चष्मा विसरले. अबू सत्तामच्या घरून निघून अर्ध्या वाटेवर आले तेव्हा त्यांना दुकानाची पाटी दिसेना. मागे फिरले. अंगणाचं दार उघडंच होतं. आत अबू सत्तामच्या गाडीचं बॉनेट वर होतं, आणि अबू सत्ताम मोठ्या भक्तिभावाने "बिस्मिल्ला" म्हणत रेडिएटरमध्ये फिंजान रिकामं करत होता. त्याच्या मागे, दुसरं फिंजान दोन्ही हातांनी धरून, न सांडता, अबू फलाह आपल्या पाळीची वाट बघत उभा होता. शेजारीच उभ्या असलेल्या अबू फलाहच्या गाडीच्या आरशाला मास्तरांची टोपी बांधलेली होती.

ज्याची दृष्ट लागली त्याचं उष्टं आणून शिंपडलं की दृष्ट उतरते, हा उतारा गावात शेंबड्या पोरालाही माहीत आहे. आपण कुठे आहोत हे कळायला मास्तरांना एक क्षण लागला. आपण कोण आहोत हे कळायला त्याहून कमी.

"मास्तर!" अबू फलाह दचकला. "आम्ही आपलं… पाणी कमी झालं होतं."

"कॉफी घालतात का रेडिएटरमध्ये?"

"अरबी घालतात," अबू सत्ताम म्हणाला. पोलिसात असताना अशी उत्तरं त्याने बरीच ऐकली होती, पण द्यायची सवय नव्हती.

"म्हणजे माझी… म्हणजे तुम्हाला असं वाटतं, की मी…" मास्तरांना वाक्य पूर्ण करता येईना. व्याकरणाच्या मास्तरावर अशी वेळ यावी! "अबू फलाह, कॉफीने एसी सुरू होत नसतो."

अबू फलाहने मान खाली घातली. "झाला ना, मास्तर," तो हळूच म्हणाला. "कालच झाला."

अपमान गिळता येतो. पण पुराव्यासकट आलेला अपमान कसा गिळायचा? मास्तर चष्मा न घेताच घरी आले; तो दुसऱ्या दिवशी नाइफने जाऊन आणला.

दृष्ट लागते हे मास्तर नाकारत नव्हते. जुन्या जाणत्यांनी म्हटलं आहे, ग्रंथांत आहे, ते आहेच. दृष्ट असते, पण ती आपली असेल, हे त्यांना पटेना. दृष्ट लागायला मुळात हेवा लागतो. आपल्याला कोणाची गाडी हवी होती? आपल्याला फक्त तिच्याबद्दल नीट बोलायचं होतं. पण हे मुझनाशिवाय सांगायचं कोणाला? रस्त्याने जाताना लोक गाडीवर ताडपत्री ओढायला लागले. गाड्यांच्या दुकानात गेले तर विक्रेता दारातच आडवा आला आणि म्हणाला, "काका, तुम्ही इथे सावलीत बसा, मी चित्रं आणून दाखवतो." चित्रंसुद्धा त्याने उलटी धरली होती.

सुट्टी जवळ आली तसा अबू सत्ताम घरी आला. बसला. खाकरला. "मास्तर, यंदा वारा फार आहे. तुमची छाती नाजूक. मला वाटतं, यंदा तुम्ही घरीच आराम करावा. पुस्तकं आहेतच तुमची."

मास्तर "खरं आहे" म्हणणारच होते. सवय होती. आणि एवढं एक "खरं आहे" म्हटलं की पुढच्या सगळ्या हिवाळ्यांत कोणी बोलवायची गरजच उरणार नाही, हे त्यांना स्वच्छ दिसत होतं.

इतक्यात दाराआडून मुझनाचा आवाज आला. "अबू सत्ताम, यांच्या छातीला काय होतं ते मला ठाऊक आहे. आणि तुमची गाडी का रुतली तेही अख्ख्या गावाला ठाऊक आहे. टायरमधली हवा न काढता वाळूत घालतं का कोणी? हे येणार नसतील तर मी येत नाही. मी येणार नसेन तर भात कोण करणार ते आताच ठरवा."

मुझनाच्या हातच्या भाताशिवाय गल्ली वाळूत गेली असं कधी झालं नव्हतं. अबू सत्ताम वाटाघाटीला आला. शेवटी ठरलं असं: मास्तर येणार, पण गाडीत सगळ्यात मागे बसणार आणि मागच्या काचेतून मागेच बघणार. "जे मागे पडलं त्याला दृष्ट लागून काय होणार?" अबू सत्ताम म्हणाला. त्याच्या मते हा मोठा सन्मानपूर्वक तोडगा होता.

नाइफने शेजारच्या बुरैदाहून एक सात सीटची गाडी भाड्याने आणली. तिथे मास्तरांना कोणी ओळखत नव्हतं. आवडली तर हीच घ्यायची होती. बापाला शेवटच्या सीटवर बसवायचं म्हणजे नाइफच्या जिवावर आलं होतं. लोक काय म्हणतील, म्हातारा पुढे बसायचा आणि हा त्याला सामानात टाकतो! पण मास्तर निमूट मागे जाऊन बसले. दोन्ही बाजूंना नातवंडं, मांडीवर धाकटी नात, पायाशी कोळशाची पिशवी. गाडी डांबर सोडून वाळूत उतरली. टायरमधली हवा मुझनाने समोर उभं राहून काढून घेतली होती. गाडी डोलत, न धापा टाकता टेकाड चढू लागली. मास्तर मागे बघत होते. त्यांच्या मागे गाव लहान होत होतं आणि त्यांचे गुडघे, आश्चर्य म्हणजे, दुखत नव्हते.

"आजोबा," धाकटी म्हणाली, "गाडी कशी आहे?"

मास्तरांनी तोंड उघडलं.

"बाबा, नको!" नाइफ ओरडला आणि घाबरून त्याने कचकन ब्रेक दाबला. चढावर, वाळूत. गाडी जागच्या जागी बसली आणि मागची चाकं हळूहळू पोटापर्यंत आत गेली.

सगळे उतरले. मागच्या गाड्या थांबल्या. अबू फलाह फावडं घेऊन धावत आला. "काय म्हणाले? काय म्हणाले मास्तर?"

"मी काहीही म्हणालो नाही!" मास्तर ओरडले. जन्मात ते असे ओरडले नव्हते.

"मनात म्हणाला असाल," अबू फलाह समजूत घालत म्हणाला.

गाडी उकरून काढायला बराच वेळ लागला. ती बाहेर आली आणि पहिल्याच झटक्यात चढून वर गेली. सूनबाई जवाहिर सासऱ्यांजवळ आली. घरात व्यवहार बघणारी तीच. "काका," ती हळू आवाजात म्हणाली, "बोलू नका. नुसतं सांगा, घ्यायची का? मान हलवा."

एवढं वाचन, एवढा अभ्यास, सातव्या माणसाचं जगात पहिलं म्हणणं, आणि ते असं मानेने सांगायचं! मास्तरांनी चहूकडे पाहिलं, आणि चोरासारखी, एकदाच, मान हलवली.

"ठरलं," जवाहिर म्हणाली.

दुपारी तंबू लागले, गझाच्या झुडपांची लाकडं पेटली, मुझनाचा भात शिजायला लागला, आणि तेवढ्यात ते पोरगं आलं. कुठल्या गावचं कोण जाणे; प्रचंड मोठी काळी गाडी, मागे मित्रांच्या आणखी दोन गाड्या. समोरच्या टेकाडावरून ते इंजिन गर्जवत खाली यायचं आणि वळताना वाळूचा फवारा थेट भातावर. अबू फलाह गेला, "बाळा, बायकापोरं आहेत," म्हणून सांगून आला. पोरगं हसलं. अबू सत्ताम गेला, चौकातल्या आवाजात बोलला. पोराने गाणं आणखी मोठं लावलं. तिसऱ्या फेरीला गाडी धाकटीपासून इतक्या जवळून गेली की मुझनाच्या हातातला डाव खाली पडला.

अबू सत्ताम मास्तरांशेजारी येऊन बसला. खाकरला. "मास्तर," तो वाळूत रेघा मारत म्हणाला, "एक विचारू? त्या गाडीचं जरा… कौतुक कराल का?"

"लाज वाटते का अबू सत्ताम? मी माणूस आहे, तोफ नाही!"

पण ते उठले. त्या पोराला नीट, सभ्यपणे समजवायचं, एवढंच त्यांच्या मनात होतं. टेकाडाच्या पायथ्याशी जाऊन ते गाडीच्या वाटेत उभे राहिले. गाडी थांबली. काच खाली आली. आणि मास्तरांची जन्माची अडचण आडवी आली: अनोळखी माणसाशी बोलायला सुरुवात कुठून करायची? समोर गाडी होती. ते गाडीपासून सुरू झाले.

"काय गाडी आहे!" मास्तर म्हणाले.

पोरगं खूश झालं. "आहेच, काका!"

"एवढी उंची, एवढी रुंद चाकं. चढावर धापसुद्धा लागत नाही हिला. रंग तर असा, की आपलंच तोंड दिसावं."

पोरगं वाट बघत होतं. मास्तरांनी चष्मा काढला, अंगरख्याला पुसला, पुन्हा लावला आणि पुढच्या चाकाजवळ वाकून बारकाईने पाहू लागले. "असा टायर मी आयुष्यात पाहिला नाही."

पोराचं हसू कमी झालं. "काका… माशाल्ला म्हणा ना."

मागे तंबूंपाशी सगळी गल्ली स्तब्ध उभी होती. चमचाही वाजत नव्हता. अबू फलाहला राहवलं नाही, तो लांबूनच ओरडला, "पळ रे पोरा! हमूद मास्तर आहेत ते!"

"काका, म्हणा ना! गाडी वडिलांची आहे!"

मास्तरांनी वर पाहिलं. त्या पोराच्या चेहऱ्यावर जे होतं ते त्यांनी गेल्या महिनाभरात प्रत्येक चेहऱ्यावर पाहिलं होतं, आणि दर वेळी त्यांनी मान खाली घातली होती. या वेळी घातली नाही. त्यांनी मागे वळून धाकटीकडे पाहिलं, मग भाताकडे, मग पुन्हा गाडीकडे.

"म्हणतो ना," मास्तर शांतपणे म्हणाले. "इंजिनाकडे तर मी अजून आलोच नाही."

काच वर गेली. गाणं बंद झालं. काळी गाडी आणि तिच्या मागच्या दोन्ही गाड्या ज्या दिशेने आल्या होत्या त्या दिशेने, अगदी हळू, रस्त्यावर शाळा सुटलेली असावी तशा गेल्या. टेकाडामागे दिसेनाशा झाल्या तेव्हा मास्तरांनी घाईघाईने, त्या दिशेला तोंड करून, तीन वेळा "माशाल्ला" म्हटलं. पोरगं पोरगंच होतं. त्याच्या वडिलांचं नुकसान त्यांना नको होतं.

मग तंबूंकडे जो गलका झाला त्याचं वर्णन मास्तर पुढे कधीच नीट करू शकले नाहीत. अबू सत्तामने त्यांना उचलायचा प्रयत्न केला. अबू फलाहने आपली शाल त्यांच्या खांद्यावर टाकली. दुसऱ्या दिवशी परत जाताना मास्तर कोणाच्या गाडीत पुढे बसणार, यावर वाद सुरू झाला.

मुझनाने भाताचं ताट त्यांच्यापुढे आणून ठेवलं. वरची वाळू लागलेली शितं बाजूला काढलेली होती.

"अहो," ती हळूच म्हणाली, "तुम्ही तर म्हणत होता, माझी दृष्ट लागत नाही म्हणून."

मास्तरांनी घास केला. कितीतरी दिवसांनी त्यांना भूक लागली होती.

"नाहीच लागत," ते म्हणाले. "पण त्या पोराला काय माहीत?"